एकच तास दोनदा : मेनफ्रेम आणि घड्याळबदलाची पार्श्वभूमी

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत पहाटेचे दोन वाजले की घड्याळ मागे सरकून पुन्हा एकवर येतं. झोपलेल्या माणसाला तासभर जास्तीची झोप मिळते, बाकी काही कळत नाही. मात्र रात्रभर चालणाऱ्या यंत्राच्या लॉगमध्ये (वेळेसकट घडामोडी टिपणाऱ्या नोंदवहीत) ०१:५९:५८ च्या खालोखाल ०१:००:०३ अशी ओळ उमटते. माणूस ती वाचून हसेल. पण आधी काय घडलं आणि नंतर काय, हे वेळेवरूनच ठरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने क्रमच उलटा झालेला असतो. यावर मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांचे अवाढव्य संगणक, चालवणाऱ्या कित्येक केंद्रांनी वर्षानुवर्षं एकच उपाय केला : यंत्रणा तासभर बंद ठेवायची आणि घड्याळ पहिल्या वेळेच्या पुढे गेलं की चालू करायची. क्षणभरही थांबू नये म्हणून घेतलेलं यंत्र कॅलेंडर पाहून थांबवायचं, अशी ही तऱ्हा.

उन्हाळ्यात घड्याळ पुढे आणि नंतर पुन्हा मागे करायची ही डेलाइट सेव्हिंगची कल्पना संगणकापेक्षा बरीच जुनी. न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने १८९५ मध्ये दोन तासांच्या बदलाची सूचना मांडली. संध्याकाळच्या उजेडात त्याला कीटक गोळा करायचे असत. लंडनचा बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट याने १९०७ मध्ये वेगळीच योजना काढली : एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं पुढे, सप्टेंबरमध्ये तशीच चार वेळा मागे. ती मान्य झाली असती तर पुढच्या ऑपरेटरांना वर्षातून दोनऐवजी आठ रात्री जागाव्या लागल्या असत्या. प्रत्यक्षात घड्याळं हलली ती युद्धामुळे. १९१६ मध्ये जर्मनी, मागोमाग ब्रिटन आणि १९१८ मध्ये अमेरिका.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर प्रत्येक गावाने आपापलं ठरवायला सुरुवात केली. ओहायोतल्या स्टुबेनव्हिलपासून वेस्ट व्हर्जिनियातल्या मौंड्सव्हिलपर्यंत ३५ मैलांच्या बसप्रवासात घड्याळ सात वेळा बदलावं लागे, हे त्या काळचं गाजलेलं उदाहरण. हा गोंधळ १९६६ च्या युनिफॉर्म टाइम ॲक्टने आवरला. आयबीएमने सिस्टम/३६० जाहीर केली ती १९६४ मध्ये. म्हणजे देशाच्या घड्याळांना शिस्त लागत होती, त्याच सुमारास मोठ्या संस्थांच्या संगणककक्षांत ही यंत्रं येऊन बसत होती.

त्या यंत्रांत खरं तर घड्याळ नव्हतंच. मेमरीच्या ८० क्रमांकाच्या जागी इंटरव्हल टायमर असे. त्यातला आकडा सतत घटत जायचा आणि साधारण साडेपंधरा तासांत त्याचं एक चक्र पुरं व्हायचं. आत्ता किती वाजले, हे यंत्राला माणसाने सांगायचं. ऑपरेटर यंत्रणा सुरू करताना कन्सोलवर सेट कमांडने तारीख-वेळ टाकायचा. तारीख म्हणजे वर्षाचे दोन अंक आणि वर्षातला कितवा दिवस. २९ ऑक्टोबर १९६७ साठी ६७.३०२. वेळ तो बहुधा समोरच्या भिंतीवर बघूनच टाकत असणार. त्यामुळे यंत्राची वेळ ही स्थानिक वेळच, हे न बोलता ठरून गेलं. माझ्या मते पुढच्या बहुतेक भानगडींचं मूळ या सवयीत आहे.

१९७० च्या सिस्टम/३७० मध्ये खरं घड्याळ आलं : टाइम ऑफ डे क्लॉक, रोजच्या बोलण्यात टीओडी. एकूण ६४ बिट, त्यांतला ५१ क्रमांकाचा बिट दर मायक्रोसेकंदाला वाढणारा आणि मोजणी १ जानेवारी १९०० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून. (सगळे बिट भरून ते पुन्हा शून्यावर येईल १७ सप्टेंबर २०४२ ला. तो वेगळा विषय. त्यासाठी जास्त बिटांचं रुंद घड्याळ कधीचं तयार आहे.) हे घड्याळ कुणी सहज बदलू नये म्हणून ऑपरेटरला त्यासाठी वेगळा स्विच दाबून धरावा लागे. घड्याळ ग्रिनिचवर ठेवायचं, स्थानिक वेळेशी असलेला फरक ऑपरेटिंग सिस्टीमने वेगळा जपायचा आणि दोन्ही मिळवून स्थानिक वेळ काढायची, अशी ही रचना. चालू यंत्रणेवर वेळ बदलायची कमांड दिली तरी टीओडीला हात लागत नाही, बदलतो तो फरक.

या फरकाची एक गंमत आहे. सीव्हीटी नावाच्या कंट्रोल ब्लॉकमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या मेमरीतल्या तक्त्यात) तो एका शब्दात, म्हणजे ३२ बिटांच्या जागेत, ठेवलेला असतो आणि त्याचं एकक सेकंद नसून १.०४८५७६ सेकंद आहे. टीओडीचा वरचा अर्धा भाग दर २ च्या २० व्या घाताइतक्या मायक्रोसेकंदांनी एकाने वाढतो, म्हणून हा आकडा. आता तासाला त्याने भागा : ३४३३.२२७५. पूर्णांक नाही. म्हणजे या शब्दात एक तास नेमका बसतच नाही, आणि त्यावरून स्वतः हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमची वेळ सेकंदाच्या काही भागाने चुकायची. पुढे अचूक फरकासाठी दुप्पट लांबीचं वेगळं फील्ड द्यावं लागलं.

म्हणजे उपाय १९७० पासून यंत्रातच होता. पण अनेक केंद्रांनी टीओडीतच स्थानिक वेळ भरली आणि फरक शून्य ठेवला, कारण आकडा वाचायला सोपा. अशा ठिकाणी शरद ऋतूत मूळ घड्याळच मागे घ्यायची वेळ यायची. घड्याळ ग्रिनिचवर ठेवणारेही पूर्ण सुटले नाहीत. कोबॉल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेळ मागितली की मिळते स्थानिक. यंत्रणेच्या हिशेबाच्या एसएमएफ नोंदींवरही स्थानिक वेळच. आयएमएस या डेटाबेसच्या लॉगमध्येसुद्धा कित्येक आवृत्त्यांपर्यंत तीच होती.

तासभराचा बंद मुख्यतः आयएमएसमुळेच. डेटाबेस बिघडला तर जुनी प्रत आणायची आणि तिच्यानंतरचे बदल लॉगमधून क्रमाने चढवायचे, ही रिकव्हरीची रीत. समजा प्रत पहिल्या १:४० ला घेतली आणि एक बदल दुसऱ्या १:१५ ला झाला. तो बदल प्रतीनंतर ३५ मिनिटांनी झालेला; पण लॉगवरच्या वेळेनुसार प्रतीच्या २५ मिनिटं आधीचा. रिकव्हरी त्याला जुना समजून गाळू शकते, आणि कुठेही चूक दिसत नाही. त्यापेक्षा तासभर कुलूप लावलेलं बरं, हा निर्णय मला तरी शहाणपणाचाच वाटतो. सहाव्या आवृत्तीपासून आयएमएसने आतल्या नोंदी यूटीसीवर (ग्रिनिचशी जुळणाऱ्या जागतिक वेळेवर) नेल्या आणि तिच्यापुरतं हे कुलूप निघालं.

बाकीचे त्रास लहान पण चिवट. वेळेलाच की, म्हणजे नोंदीची एकमेव ओळख, मानून मेनफ्रेमच्या व्हीसॅम पद्धतीच्या फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम दुसऱ्या फेरीत २२ हा फाइल स्टेटस घेऊन परततो : की आधीच आहे. टर्मिनलवरचे व्यवहार हाताळणाऱ्या सीआयसीएस या प्रणालीला ती चालू असताना नवी वेळ घ्यायला वेगळी कमांड द्यावी लागे. ती राहिली तर टर्मिनलवर जुनीच वेळ दिसत राहते. वसंतात याच्या उलट. दोनचे थेट तीन वाजतात आणि अडीचचा जॉब (यंत्राला नेमून दिलेलं काम) कुठल्या वेळेला सोडायचा, हे शेड्यूलरला, म्हणजे जॉब वेळेवर सोडणाऱ्या प्रोग्रॅमला, आधी सांगून ठेवावं लागतं.

१९९० मध्ये सिस्प्लेक्स आलं. अनेक यंत्रं मिळून एक यंत्रणा चालवायची म्हणजे सगळ्यांची वेळ एकच हवी. त्यासाठी ९०३७ नावाचा सिस्प्लेक्स टायमर हा स्वतंत्र डबा बसवला जाई. स्थानिक वेळेचा फरकही यंत्रं त्याच्याकडून घेऊ शकत, त्यामुळे घड्याळबदल एकाच जागी करता येऊ लागला. पुढे हे काम सर्व्हर टाइम प्रोटोकॉलकडे गेलं. आता बदलाची तारीख हार्डवेअर कन्सोलवर आधीच भरून ठेवता येते.

२००५ च्या एनर्जी पॉलिसी ॲक्टने अमेरिकेतल्या तारखाच बदलल्या. २००७ पासून सुरुवात मार्चच्या दुसऱ्या रविवारी, शेवट नोव्हेंबरच्या पहिल्या. जगभर पॅच लावायची धावपळ झाली, पण झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा शांत होता. घड्याळ कोणत्या रविवारी बदलतं हे त्याला मुळात माहीतच नाही. त्याला फक्त आत्ताचा फरक ठाऊक. धावपळ झाली ती त्याच यंत्रातल्या युनिक्स बाजूला आणि जावाला, कारण त्यांच्याकडे नियम पाठ होते आणि ते जुने झाले होते.

२०१० मध्ये डीबी२ या डेटाबेसच्या दहाव्या आवृत्तीत टाइम झोनसकट टाइमस्टॅम्प ठेवायची सोय आली. पण त्याआधीच्या टेबलांत नुसती स्थानिक वेळ साठलेली आहे, आणि त्यातली १:१५ पहिली की दुसरी, हे आता कुठल्याच क्वेरीने सांगता येणार नाही. म्हणून रविवारी पहाटे एक ते तीनच्या दरम्यान जॉब लावू नये, ही सूचना जॉबचं वेळापत्रक लावणाऱ्या नव्या माणसांनाही दिली जाते.