‘ठीक’ या उत्तरानंतर

रात्री साडेनऊला नौपाड्यातल्या क्लासवरून घरी आलेला चौदा वर्षांचा मुलगा दप्तर सोफ्यावर टाकतो, “पेपर कसा गेला?” याला “ठीक” एवढेच उत्तर देतो आणि खोलीचे दार लावून घेतो. “मोबाईल कमी केलास तर चांगलाही जाईल,” हे आईचे पुढचे वाक्य बंद दारालाच ऐकावे लागते.

असे वाक्य ऐकताना मुलांच्या मेंदूत काय होते, हे अमेरिकेत तपासले गेले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३२ मुलामुलींना, त्यांच्याच आईने केलेल्या टीकेचे ३० सेकंदांचे ध्वनिमुद्रण ऐकवून त्याच वेळी मेंदूचे स्कॅन घेण्यात आले. तेव्हा नकारात्मक भावनांशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले; भावनांना आवर घालणारे आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे ताडणारे भाग मात्र मंदावले. म्हणजे आई काळजीपोटी बोलते आहे हे मुलाने ओळखावे, अशी अपेक्षा आपण ज्या क्षणी करतो, नेमकी त्याच क्षणी ती ओळख पटवणारी यंत्रणा मागे पडलेली असते. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून प्रत्येक घराचे निदान करू नये. पण मुलाच्या तुटकपणाला लगेच उद्धटपणा म्हणण्याआधी तो आठवावा.

त्यात झोपेची भर पडते. वयात येताना झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे आठ ते दहा तासांची झोप लागणारी ही मुले सकाळी सातच्या शाळेसाठी अर्धवट झोपेतूनच उठतात आणि चिडचिड दिवसभर टिकते. राज्य सरकारने २०२४ मध्ये सकाळी नऊनंतर वर्ग भरवण्याचा निर्णय घेतला तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. माझ्या मते त्याची खरी गरज आठवी-नववीला होती.

बोलायचे केव्हा आणि कसे, हे यावरून बरेचसे ठरते. जेवणाआधी आणि परीक्षेच्या दिवशी चौकशी टाळावी. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा तलावपाळीला फेरी मारताना किंवा स्कूटरवर मागे बसलेला असताना मुलगा अधिक बोलतो, कारण तिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही. त्याने काही सांगितलेच, तर “मी नुसतं ऐकू, की काही सुचवू?” असे विचारून मग थांबावे. हे थांबणेच आपल्याला जड जाते.

मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, मित्र आणि आवडीचा खेळ दोन्ही सुटले, किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा निघाली, तर ती वयाच्या खाती टाकू नये. अशा वेळी ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, आणि मुलगा तयार नसेल तर आईवडिलांनी स्वतः फोन केला तरी चालतो.