आरावरचं सफरचंद

काश्मीरचं सफरचंद दिवाळीच्या सुमारास विदर्भात स्वस्त होतं. नागपूरच्या कळमना मार्केटात ट्रक रिकामे होतात आणि तोच माल पुढे तालुक्याच्या आठवडी बाजारात हातगाड्यांवर दिसतो. पेटीच्या तळाशी दबलेली डागी फळं बाजार उठायच्या वेळेला ढिगानं निघतात. आपल्याकडे सफरचंदाची झाडं नाहीत, कारण बहुतेक जातींना हिवाळ्यात शेकडो तास ७ अंशांच्या आसपासची थंडी लागते. बाजारात सगळ्यात जास्त दिसतं ते डिलिशियस. अमेरिकेतून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास हिमाचलातल्या कोटगड भागात ही जात आणली आणि पुढे डोंगरच्या डोंगर तिनं व्यापले. दिसायला लालभडक, चवीला गोड, आंबटपणा बेताचा. शिजवायला हे फळ कुचकामी, असं पाककलेतले जाणकार म्हणतात. घाईनं शिजवलं तर ते खरंच आहे.

पण फ्रेंच स्वयंपाकात कॉन्फी नावाचा एक प्रकार आहे. बदकाचं मांस त्याच्याच चरबीत किंवा फळं साखरेत, मंद आचेवर तासन्‌तास मुरवायची. सफरचंदाच्या कॉन्फीत पातळ चकत्यांचे थर लावतात, मध्ये साखर भुरभुरतात, लोण्याचा हात फिरवतात, वर वजन ठेवतात आणि ओव्हनमध्ये विसरून जातात. निघते ती मधाच्या रंगाची, सुरीनं कापता येणारी वडी. खेड्यात ओव्हन कुठून आणायचा? गरजही नाही. ज्या घरात पऱ्हाट्यांवर स्वयंपाक होतो आणि गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, रोडगे भाजले जातात, तिथे मंद आच कुणाला शिकवावी लागत नाही. ‘इस्तो कमी कर वं, बुडाले लागन’ हे प्रत्येक घरातल्या म्हातारीनं सुनेला ऐकवलेलं असतंच.

साहित्य एका ओळीत सांगता येतं: १ किलो सफरचंद, १५० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, दोन चमचे तूप. पाणी थेंबभरही नाही. फळं निवडताना मात्र डाग आणि सड यात फरक करा. दबून तपकिरी झालेला भाग चालतो. बुरशी लागलेलं फळ फेकूनच द्या, कारण सफरचंदावरची निळसर बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते आणि ते शिजवल्यानं पुरतं जात नाही. पिठूळ झालेलं फळही या कामाचं नाही. पेशी म्हणजे विटा धरल्या तर त्यांच्यामधला मातीचा गारा म्हणजे पेक्टिन. फळ जुनं होतं तसा हा गारा सुटतो. मग चावताना पेशी फुटत नाहीत, नुसत्या एकमेकींपासून सुटतात, रस आतच राहतो आणि तोंडात भुसा आल्यासारखं वाटतं. अशा फळाचा सरळ गर करावा.

चकती २-३ मिलिमीटरची हवी. आलूच्या चिप्सची किसणी असेल तर काम सोपं. ही जाडी हौसेपोटी सांगत नाही, सगळं गणित तिच्यावरच आहे. उष्णता आणि साखर दोन्ही फळात बाहेरून आत जातात, पण साखरेचा वेग उष्णतेच्या तुलनेत शंभर-दोनशे पटींनी कमी असतो. ढोबळ हिशेब असा: ३ मिलिमीटरच्या चकतीच्या मध्यापर्यंत उष्णता पाव-अर्ध्या मिनिटात पोचते, साखरेला तासाभराहून जास्त लागतो. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. २ सेंटिमीटरची फोड घेतली तर ती पंधरा मिनिटांत आतपर्यंत गरम होईल, साखर मात्र दीड-दोन दिवस वाटेतच असेल. तोवर फोडीचा लगदा झालेला असतो. आच वाढवून उष्णता लवकर पोचवता येते, साखरेला तेवढं पळवता येत नाही. मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या आवळ्याचा मुरब्बा करताना बायका आवळा काट्यानं टोचतात आणि पाकात दिवसेंदिवस ठेवतात, त्याचं कारण हेच. टोचणं म्हणजे साखरेची वाट आखूड करणं.

आता गंज, म्हणजे पातेलं, घ्या, पण जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) नको. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो आणि तोच भांड्याला वाचवतो. सामू (पीएच) ४ च्या खाली गेला, म्हणजे आंबटपणा वाढला, की हा थर विरघळू लागतो, आणि लिंबू पिळलेलं सफरचंद त्याच्या खालीच असतं. चिंचेचं सार उकळल्यावर जर्मनचं काळवंडलेलं भांडं आतून लख्ख झालेलं सगळ्यांनी पाहिलंय. तो निघालेला थर सारातून पोटात जातो. जाड बुडाचं स्टील बरं, मातीचं गाडगं त्याहून बरं.

चकत्या लिंबाच्या रसात घोळवून थर लावायचे. कापलेलं सफरचंद हवेत काळं पडतं ते एका विकरामुळे (एन्झाइममुळे). पेशी फुटली की ते फळातल्या पॉलिफेनॉल नावाच्या घटकांना ऑक्सिजनशी जुळवतं. आम्लात ते मंदावतं, आणि पुढे ८० अंशांपर्यंत जाता जाता निकामीच होतं. थर लावून वर ताटली आणि ताटलीवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवा. अर्ध्या तासानं पाहाल तर तळाशी रस साचलेला असतो. पेशी अजून जिवंत असतात, त्यांचा पडदा साखरेला आत येऊ देत नाही, पाण्याला मात्र बाहेर जाऊ देतो. साखर पाणी ओढून घेते. म्हणूनच वरून पाणी लागत नाही.

मग गंज चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या मंद आचेच्या तोंडावर. इथला अर्धा-पाऊण तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच लोक गाळतात. रस ६० अंशांच्या आसपास हवा: बोट क्षणभरही ठेववत नाही, पण बुडबुडा एकही नाही. या तापमानाला पेशींचे पडदे फाटतात आणि साखरेला आत जायला दार उघडतं. त्याच वेळी पेक्टिनवर काम करणारं एक विकर जागं होतं. ते पेक्टिनच्या साखळीवरचे काही गट छाटतं, मोकळ्या झालेल्या जागी फळातलंच कॅल्शियम येऊन बसतं आणि शेजारच्या साखळ्या बांधून टाकतं. एकदा असं बांधलं गेलं की पुढे मंद आचेवर तासन्‌तास शिजवा, चकती सहसा आकार सोडत नाही. बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, तिथेही हेच कॅल्शियम आणि हेच पेक्टिन असतं. डाळीला जे नडतं ते इथे कामाला येतं. पेठ्यासाठी कोहळं चुन्याच्या निवळीत ठेवतात तेही यासाठीच, पण सफरचंदाला चुना लावायची गरज नाही आणि चव बिघडते.

रात्रीचा स्वयंपाक उरकला की खरी आच सुरू होते. ज्वाळा नको. चुलीतल्या आरावर राखेचा थर ओढा. राखेत हवा कोंडलेली असते, त्यामुळे ती उष्णता हळूहळू सोडते, आणि खालच्या निखाऱ्याला ऑक्सिजन कमी मिळत असल्यानं तो तासन्‌तास धुमसतो. गंज त्यावर ठेवा, झाकणावर दोन-चार निखारे ठेवा. रोडग्याला दोन्हीकडून आच देतो तशीच. गंजात रस आहे तोवर तापमान फारसं चढू शकत नाही, ६० टक्के साखरेचा पाकसुद्धा १०३ अंशांच्या आसपास उकळतो. कुकरच्या मोहात पडू नका. शिट्टीच्या आत तापमान १२० अंशांकडे जातं, पेक्टिन विरघळतं आणि हातात लापशी येते.

झाकण उघडून पाहिलंत तर चकत्या आधी पांढऱ्या, मग धुरकट, मग काचेसारख्या आरपार होत जाताना दिसतील. सफरचंदात जवळजवळ पाव भाग हवा असते, पाण्यात ते तरंगतं ते त्यामुळे. या हवेच्या बारीक पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो म्हणून गर पांढरा दिसतो. उष्णतेनं आणि तांब्याच्या वजनानं हवा निघून जाते, पोकळीत पाक शिरतो आणि प्रकाश न अडखळता पलीकडे जातो. चकती पारदर्शक झाली म्हणजे साखर पोचली. घड्याळापेक्षा या खुणेवर मी जास्त विश्वास ठेवतो.

मधासारखा रंग त्यानंतर येतो. आम्लात साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच करपट गोडाच्या वाटेला लागतं, नेहमीच्या साखरेला १६० च्या पुढे जावं लागतं. कडेला, जिथे रस आटलाय तिथे, हा रंग आधी चढतो. तूप कडेनंच सोडायचं ते यासाठी. थर चिकटत नाहीत, आणि तुपात विरघळणारा सुगंध वाफेबरोबर उडून न जाता तिथेच राहतो. सालं आणि बिया काढलेले गाभे फेकू नका. पेक्टिन तिथेच जास्त असतं. फडक्यात पुरचुंडी बांधून गंजात तळाशी टाकली तर रस दाट होतो.

सकाळी गंज उतरवून लगेच सुरी चालवली तर रस ताटभर पसरेल. थंड होताना पेक्टिनचे धागे एकमेकांना धरतात, त्याला निदान दोन-तीन तास द्या. मग उपडी घालून वड्या पाडा. गरम पोळीबरोबर छान लागते, घट्ट सायीबरोबर त्याहून छान.

आवळ्याच्या मुरब्ब्यासारखी ही बरणीत वर्षभर राहील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. मुरब्ब्यात किंवा जॅममध्ये विद्राव्य घटक ६५ टक्क्यांच्या पुढे असतात, जिवाणूंना लागणारं पाणी साखरेनं धरून ठेवलेलं असतं. एक किलो फळातली स्वतःची साखर आणि वरचे १५० ग्रॅम मिळून, आटलेल्या वडीत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास भरतं. फ्रिजमध्ये आठवडाभर, बाहेर हिवाळ्यात फार तर दोन दिवस. जास्त टिकवायची असेल तर साखर दुप्पट-तिप्पट करून आणखी आटवावी लागेल, पण मग तो सरळ मुरब्बाच झाला.