मिलान क्रायटेरिया

लिव्हर कॅन्सरच्या कुठल्या पेशंटला ट्रान्सप्लांटचा फायदा होईल हे आधीच ओळखायचा नियम. गाठ एकच असेल तर ५ सेंमीपर्यंत चालते, दोन-तीन असतील तर एकही ३ सेंमीच्या वर नको, मोठ्या रक्तवाहिनीत कॅन्सर शिरलेला नको आणि लिव्हरबाहेर गेलेला तर नकोच. हे सगळं लिव्हरच्याच पेशींत सुरू होणाऱ्या कॅन्सरसाठी, म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमासाठी. आतड्यातून लिव्हरमध्ये पसरलेला कॅन्सर हा वेगळा विषय.

आता कोणी म्हणेल गाठ तेवढी कापून का टाकत नाहीत, तर टाकतात की, लिव्हर चांगलं असेल तर तोच पहिला इलाज. पण बहुतेकांना सिरोसिस (लिव्हर आतून कडक होऊन निकामी होत जाणं) असतो, मग उरलेला तुकडा काम ओढेल का हा प्रश्न येतो (सिरोसिसमध्ये साधारण ४० टक्के तरी लिव्हर मागे ठेवावं लागतं), आणि गाठ गेली तरी जमीन तीच नासकी राहते, त्यामुळे ५ वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत लोकांना कॅन्सर परत होतो. ट्रान्सप्लांटमध्ये गाठ आणि सिरोसिस दोन्ही एकदमच जातात.

तरी आधी मोठमोठ्या गाठींनाही ट्रान्सप्लांट व्हायचं आणि नव्या लिव्हरमध्ये कॅन्सर पुन्हा उगवायचा, म्हणून डॉक्टर लोक वैतागलेले होते. मग १९९६ मध्ये इटलीतल्या मिलानच्या विन्चेन्झो माझाफेर्रो आणि टीमने ४८ पेशंटचा रिझल्ट छापला, ४ वर्षांनी ७५ टक्के जिवंत. खरी गंमत पुढे आहे. काढलेली लिव्हर तपासली तेव्हा १३ जण नियमाबाहेरचे निघाले, स्कॅनवर ते बसत होते! नियमात खरोखर बसणाऱ्या ३५ जणांत ४ वर्षांनी ८५ टक्के जिवंत होते, त्या १३ जणांत ५० टक्के.

नियमाची ताकद इथे दिसते आणि कमजोरीपण. मोजतो आपण साइज, पण घात करते ती बारीक रक्तवाहिन्यांतली घुसखोरी, जी ऑपरेशननंतर मायक्रोस्कोपखालीच नीट दिसते. साइज हा फक्त तिचा अंदाज, त्यामुळे ४.९ चा पेशंट आत आणि ५.१ चा बाहेर हे जरा विचित्रच वाटतं. म्हणून २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमने एका गाठीची मर्यादा ६.५ सेंमीपर्यंत नेली आणि पुढे फ्रान्समध्ये साइजच्या जोडीला रक्तातलं एएफपी (या कॅन्सरमध्ये बरेचदा वाढणारं एक प्रोटीन) धरलं गेलं.

भारतात बहुतेक लिव्हर घरचंच माणूस देतं, मुलगा किंवा बायको वगैरे, वेटिंग लिस्टवरच्या कोणाचा नंबर त्याने मागे जात नाही, म्हणून आपल्याकडे नियम थोडा सैल धरावा असं बरेच सर्जन मानतात. पण देणाऱ्याच्याही पोटावर सुरी चालते, ते विसरून कसं चालेल.

नियमाबाहेरच्या पेशंटला थेट नाही म्हणत नाहीत. गाठीच्या धमनीतून औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करतात (डॉक्टरांच्या भाषेत टेस), गाठ आकसली की लगेच ऑपरेशनला न घेता काही महिने थांबून परत स्कॅन काढतात. तेवढ्यात ती पुन्हा वाढायला लागली तर ट्रान्सप्लांटनंतरही तेच झालं असतं असं समजतात.