सेफिक्झिम आणि त्या गटातल्या गोळ्या-सिरप घेताना
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफ्युरॉक्झिम, सेफॅलेक्सिन, सेफाड्रॉक्सिल ही सगळी सेफॅलोस्पोरिन गटातली, तोंडाने घ्यायची अँटिबायोटिक्स. घसा, कान, छाती, लघवीचा मार्ग, कातडी यांचे जिवाणूंमुळे होणारे आजार आणि टायफॉइड यांवर डॉक्टर ती लिहून देतात. गट एक असला तरी प्रत्येकाचं काम वेगळं आहे. रोप लावणीत पायाला लागलं आणि जखम पिकली, तर सेफॅलेक्सिन उपयोगी पडू शकतं. तिथे सेफिक्झिमचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून ‘शेजारच्यांना याच गोळीनं गुण आला’ म्हणून तीच गोळी मागू नका.

ही औषधं जिवाणूला स्वतःची भिंत नीट बांधू देत नाहीत, त्यामुळे तो मरतो. सर्दी, फ्लू, डेंगी, चिकुनगुन्या हे विषाणूंचे आजार आहेत आणि विषाणूला अशी भिंतच नसते. पावसाळ्यात खानापूर भागातून बरेच जण येतात: ‘अंग मोडून आलंय, एखादी पॉवरची गोळी द्या.’ त्यांची घाई आम्हाला समजते, एका दिवसाची मजुरी बुडते. पण विषाणूच्या तापात ही गोळी घेतली तर ताप आपल्या वेळेनेच उतरतो, वर पोट बिघडतं, आणि आतड्यातले जिवाणू या औषधाला दाद न देण्याची सवय लावून घेतात. पुढे खरंच गरज पडेल तेव्हा तेच औषध कमी पडतं.

चिठ्ठी का मागतो

औषध नियमांतली ‘एच-१’ यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झिम आणि सेफपोडॉक्झिम या यादीत आहेत. ही औषधं दिली की डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपून ठेवावी लागते. चिठ्ठी बेळगावची असो, चंदगडची असो की मिरजेची. नोंदणी असलेल्या डॉक्टरांची, सही आणि तारीख असलेली हवी. डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच देता येतं. गेल्या वर्षीची चिठ्ठी आम्ही परत करतो ती याच कारणाने, तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही.

औषध घेण्याआधी डॉक्टरांना आणि आम्हालाही सांगाच: पूर्वी पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन किंवा याच गटातल्या औषधाने अंगावर पित्त उठलं होतं का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का (मग मात्रा कमी करावी लागू शकते), रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी किंवा फिटसाठी कार्बामाझेपिन चालू आहे का, बाई गरोदर आहे की बाळाला अंगावर पाजते आहे.

जेवणाचं

सेफिक्झिम जेवणाआधी घेतलं काय, नंतर घेतलं काय, चालतं. सेफ्युरॉक्झिम आणि सेफपोडॉक्झिमच्या गोळ्या मात्र जेवणाबरोबर किंवा जेवून लगेच घ्या. उपाशीपोटी त्या अंगी कमी लागतात. सेफपोडॉक्झिम चालू असताना पित्ताची गोळी किंवा अँटासिडचं सिरप मनाने घेऊ नका, त्यानेही औषध कमी शोषलं जातं. सेफ्युरॉक्झिमची गोळी चुरून मुलांना देऊ नका. ती इतकी कडू लागते की मूल थुंकून टाकतं.

लहान मुलांचं सिरप

चुका सगळ्यांत जास्त इथेच होतात, म्हणून हे सावकाश वाचा. बाटलीत कोरडी पूड असते. आधी बाटली तळहातावर आपटून पूड सुटी करा. सोबत पाण्याची कुपी आली असेल तर तीच वापरा, नाहीतर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या. रेघेच्या थोडं खालपर्यंत पाणी घालून जोरात हलवा. फेस येतो. तो बसू द्या, मग पातळी रेघेपर्यंत आणा. फेस असतानाच रेघ गाठली तर पाणी कमी पडतं आणि औषध घट्ट होतं. दर वेळी देण्याआधी बाटली हलवायचीच. मोजायला बाटलीबरोबरचं टोपण घ्या, चहाचा चमचा नको. कालवलेलं सिरप लेबलवर दिलेल्या दिवसांनंतर ओतून टाका, कितीही उरलं असलं तरी.

सेफिक्झिमचं सिरप ५ मिलीत ५० मिलिग्रॅम असं मिळतं आणि ५ मिलीत १०० मिलिग्रॅम असंही. टोपण तेच, औषध दुप्पट. थोरल्याचं सिरप धाकट्याला देऊ नका. मुलांची मात्रा वजनावर ठरते.

किती दिवस

डॉक्टरांनी लिहिलेत तितके दिवस. लघवीच्या साध्या जंतुसंसर्गाला थोडे दिवस पुरतात. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या घसादुखीला बहुतेक वेळा १० दिवस लागतात, कारण ती अर्धवट राहिली तर पुढे सांधे आणि हृदयाला त्रास होऊ शकतो. टायफॉइडमध्ये बरोबर औषध चालू असूनही ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलून वेगळं अँटिबायोटिक सुरू केलेले पेशंट आम्ही पाहतो, आणि फार वाईट वाटतं. पोट खूप दुखू लागलं, संडासवाटे रक्त पडलं किंवा रुग्ण बरळू लागला, तर मात्र थांबू नका, दवाखाना गाठा. इतर आजारांत दोन-तीन दिवसांत काहीच उतार पडला नाही, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

त्रास झाला तर

थोडी मळमळ, एक-दोन पातळ संडास होऊ शकतात. पाण्यासारखे जुलाब सतत लागले किंवा रक्त पडलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. जुलाब बंद करणारी गोळी मनाने घेऊ नका. असे जुलाब कोर्स संपल्यावर दोन महिन्यांनीही सुरू होऊ शकतात, तेव्हा हे अँटिबायोटिक घेतलं होतं ते आठवणीने सांगा. अंगावर गांधी उठल्या तर पुढची गोळी घेऊ नका आणि डॉक्टरांना विचारा. ओठ, जीभ सुजली किंवा दम लागू लागला तर ताबडतोब १०८ ला फोन करा. हा नंबर कर्नाटकात चालतो आणि महाराष्ट्रातही.

चिठ्ठी इंग्रजीत असते, दवाखान्यात सांगतात कन्नडमध्ये, आणि घरी औषध देणारी आजी मराठी. म्हणून आम्ही पाकिटावर मराठीत लिहून देतो: ‘सकाळी जेवून १, रात्री जेवून १, ५ दिवस.’ गर्दीत लिहायचं राहिलं तर हक्काने मागा. डॉक्टरांनी मध्येच औषध बंद केलं आणि गोळ्या उरल्या, तर त्या डब्यात साठवू नका आणि कुणाला देऊही नका. दुकानात आणून द्या.