धडधाकट गाय कत्तलीला का जाते?

गाय चांगली अंगात भरलेली, दूध नेहमीसारखं, खोकल्याचं नाव नाही. तरी पशुवैद्य सांगतो, हिला कत्तलीला पाठवावं लागेल. ब्रिटनमधल्या पशुपालकांना हे नवं नाही. गुरांच्या क्षयरोगाबाबत तिथलं सरकार एकेका गाईवर उपचार करत बसत नाही. त्याच्या लेखी रुग्ण म्हणजे अख्खा कळप.

सगळं धोरण एका साध्या चाचणीवर उभं आहे. मानेवर दोन जागचे केस कापायचे, कॅलिपरने कातडीची जाडी मोजायची. एका जागी गुरांच्या क्षयजंतूपासून काढलेलं ट्युबरक्युलिन टोचायचं, दुसऱ्या जागी पक्ष्यांच्या. 72 तासांनी पुन्हा मोजमाप. दुसरी टोचणी कशाला? मातीपाण्यातल्या क्षयजंतूंच्या भाऊबंदांमुळेही कातडी सुजते, ती सूज वजा करावी लागते. पहिली गाठ दुसरीपेक्षा 4 मिलिमीटरहून जास्त वाढली, की जनावर दोषी.

निरोगी जनावर यात क्वचितच अडकतं, साधारण 5000त एखादं. मात्र बाधित पाचांपैकी जवळपास एक निसटतं. ऐकायला वाईट वाटतं, पण कळपाचा हिशेब वेगळा आहे. गोठ्यात पाच बाधित गाई असतील, तर पाचही निसटण्याची शक्यता दहा हजारांत तीनच. म्हणजे कळपात रोग आहे हे कळतं. तो संपला हे कळत नाही. म्हणून तर एक गाय सापडली की जनावरांची विक्री बंद आणि 60 दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासणी. भरपाई मिळते, पण ती ठरवणं नाजूक काम: कमी दिली तर लोक रोग लपवतात, सढळ दिली तर काळजी घेणं सोडतात.

मग सरळ लस का देत नाहीत? कारण बीसीजी टोचलेली गायही या चाचणीत दोषी ठरते. लस आणि रोग वेगळे ओळखणाऱ्या नव्या चाचणीचे प्रत्यक्ष गोठ्यांतले प्रयोग इंग्लंडमध्ये 2021मध्ये सुरू झाले.

ऑस्ट्रेलियाने 1970मध्ये मोहीम हाती घेतली आणि 1997मध्ये देश या रोगातून मुक्त जाहीर केला. तिथे मोकाट म्हशी सोडल्या तर रोग जपणारा रानटी प्राणी जवळपास नव्हताच. ब्रिटनमध्ये मात्र बॅजर आहे, बिळात राहणारा आणि हा रोग जपणारा रानटी प्राणी. 2013पासून इंग्लंडमध्ये दोन लाखांहून जास्त बॅजर मारले गेले, आणि त्याने नेमका किती फायदा झाला यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत.