ट्रान्सपोर्टर मोजले म्हणजे तंतू मोजले असं होत नाही

‘सिटालोप्रॅमचं बंधन तीस टक्क्यांनी घटलं, म्हणजे तीस टक्के सेरोटोनिन तंतू मेले.’ सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध; सेरोटोनिन सोडणाऱ्या चेतातंतूंवर ते परत उचलणारं जे प्रथिन असतं, म्हणजे ट्रान्सपोर्टर, त्याला ते चिकटतं, आणि बंधन म्हणजे ते किती चिकटलं. हा निष्कर्ष इतक्या सहज लिहिला जातो की त्यामागे पुरावा लागतो, याचाच विसर पडलाय.

ट्रिटियमयुक्त (किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेल्या) सिटालोप्रॅमची पद्धत बहुतेकांच्या हातातली: गोठवलेल्या मेंदूचे १०–२० मायक्रोमीटरचे छेद, सोडियम घातलेला ट्रिस बफर, १–२ नॅनोमोलर मार्कर (इथे तेच सिटालोप्रॅम), अविशिष्ट, म्हणजे ट्रान्सपोर्टर सोडून इतरत्र झालेलं, बंधन मोजण्यासाठी १० मायक्रोमोलर फ्लुओक्सेटिन (त्याच ट्रान्सपोर्टरला चिकटणारं दुसरं औषध), थंड बफरमध्ये धुणं, मग काही आठवडे फिल्मवर ठेवून तिचा काळेपणा मोजणं.

दुसऱ्या पद्धतीत ताज्या, जिवंत स्लाइसला ट्रिटियमयुक्त सेरोटोनिन देतात. ते आत गेल्यावर मोडू नये म्हणून पार्जिलिन आणि नॉरॲड्रिनॅलिनच्या तंतूंनी उचलू नये म्हणून डेसिप्रॅमिन घालतात. नंतर तंतूंवरचे, हा मार्कर भरलेले फुगवटे एकेक करून मोजायचे. माँट्रियलच्या लॉरां देकारी यांच्या गटाने उंदराच्या मेंदूचे असे नकाशे केले. रुग्णालयातून आलेल्या गोठलेल्या मानवी ऊतीवर हे जमत नाही, आणि स्लाइसमध्ये मार्कर फार खोल शिरत नाही.

घोळ होतो तो इथे. सेरोटोनिन उचलणारा ट्रान्सपोर्टर दोन्हीकडे तोच, म्हणून दोन्ही आकडे एकच मानले जातात. पण फुगवट्यांच्या मोजणीत उत्तर हो किंवा नाही असं असतं: ट्रान्सपोर्टर निम्मे झाले तरी फुगवटा उंबरठ्यापेक्षा जास्त भरला, तर तो एक म्हणूनच मोजला जातो. फिल्मवरचा काळेपणा मात्र ट्रान्सपोर्टरच्या रेणूंची बेरीज सांगतो. तंतू तितकेच राहून प्रत्येकावरचे रेणू कमी झाले तरी ती बेरीज घटते. उंदरांना काही आठवडे पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिल्यावर नेमकं हेच दिसतं: बंधन प्रचंड घसरतं, पण त्यावरून तंतू मेले असं कुणी म्हणत नाही. मग एमडीएमए (‘एक्स्टसी’ हे नशेचं द्रव्य) दिलेल्या प्राण्यांत तीच घसरण दिसली की लगेच ‘तंतुनाश’ का लिहायचं? माणसांवरच्या डीएएसबी (त्याच ट्रान्सपोर्टरला चिकटणारा किरणोत्सारी मार्कर) पेट स्कॅनलाही हाच नियम लागू.

घट दिसली की आधी ऊतीत औषध उरलंय का ते पाहा. फ्लुओक्सेटिनचा चयापचयज (शरीरात त्यापासून बनणारा पदार्थ) अनेक दिवस टिकतो आणि मार्करची जागा अडवतो. एकाच सांद्रतेवर मोजलंत तर जागा कमी झाल्या की आकर्षण कमी झालं, हे कळणारच नाही. निदान काही छेदांवर संपृक्ततेचा पूर्ण आलेख, म्हणजे वाढत्या सांद्रतांवरचं बंधन, काढा.

भाग-भागांची तुलना करताना पांढऱ्या द्रव्याकडे लक्ष ठेवा. ट्रिटियमचे बीटा कण ऊतीत जेमतेम काही मायक्रोमीटर जातात आणि मायलिन त्यांना जास्त शोषतं, म्हणून तिथली घनता खोटी कमी दिसते. राफे केंद्रकांत (मेंदूच्या देठातल्या सेरोटोनिन पेशींच्या पुंजक्यांत) उलट: तिथे पेशींवर आणि डेंड्राइटांवरही ट्रान्सपोर्टर असतात, तेव्हा तो गडद डाग तंतूंचा धरू नये.

तंतू गेले असं म्हणायचं असेल तर बंधनाबरोबर टीपीएच२चं (चेतापेशींत सेरोटोनिन तयार करणाऱ्या विकराचं) प्रतिपिंड-रंजन हवंच. सेरोटोनिनचं रंजन मला त्याच्या जागी चालत नाही, कारण उचललेलं सेरोटोनिनही रंगतं. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात उंदराच्या संवेदी कॉर्टेक्समध्ये तर दोन्ही किरणोत्सारी पद्धती फसतात: थॅलॅमसकडून येणारे ग्लुटामेटचे तंतू तेव्हा ट्रान्सपोर्टर बाळगतात, सेरोटोनिन उचलतात, पण स्वतः तयार करत नाहीत. त्या वयात टीपीएच२शिवाय ‘सेरोटोनिन तंतू’ हे शब्द आकृतीखाली छापू नयेत.