चांदणी आणि खाली जाणारा बाण

गेल्या महिन्यात सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, घेऊन नाशिकला निघाले होते. ठाण्याला गाडीत बसलो, कल्याण मागे पडलं आणि बाबांनी खिशातून चष्मा काढला. वागळे इस्टेटमधली नोकरी संपल्यापासून सकाळचा कागदी पेपर हळूहळू मागे पडला आणि त्याची जागा मोबाइलमधल्या बातम्यांच्या अ‍ॅपने घेतली. चहा मात्र अजून तोच, दोनदा.

"अगं, काल रात्री वीसेक लेख सेव्ह करून ठेवलेत. नाशिकपर्यंत पुरतील."

कसाऱ्याला गाडी थांबली. पुढचा घाट ३७ फुटांना एक फूट असा चढतो, म्हणून तिथे मागून बँकर इंजिनं लागतात. तेवढ्या वेळात बाबांचा क्रिकेटचा वृत्तांत वाचून झाला. गाडी हलली, पहिला बोगदा आला, बाबांनी पुढच्या लेखावर बोट टेकवलं आणि पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. दुसरा लेख, पुन्हा चक्र. तिसऱ्याला सरळ निरोप आला की इंटरनेट तपासा.

"अगं, पण मी सेव्ह केलं होतं ना!"

केलं होतं, यात शंका नाही. यादीत वीसच्या वीस मथळे ओळीने दिसत होते. फक्त मथळ्यांखाली लेख नव्हते. बाबांनी चांदणीवर बोट टेकवलं होतं, आणि त्यांना हवं होतं ते काम बाणाचं होतं.

चांदणी, रिबिनीसारखी खूण, हृदय, 'नंतर वाचा', 'सेव्ह', 'बुकमार्क' ही सगळी बहुतेक अ‍ॅपमध्ये एकाच कामाची नावं. अ‍ॅप त्या लेखाचा पत्ता लिहून ठेवतं. सोबत मथळा, फार तर एक छोटं चित्र. वाचनालयात पुस्तकाचा नंबर चिठ्ठीवर लिहून घ्यावा तसं. चिठ्ठी खिशात आहे, पुस्तक कपाटातच आहे आणि वाचनालयाचं दार उघडं असेल तरच ते हातात येणार. बोगद्यात ते दार बंद असतं.

खाली जाणारा बाण, 'डाउनलोड', 'ऑफलाइन वाचा' यांचं काम वेगळं. इथे लेखाचा मजकूर तुमच्या फोनमध्ये उतरतो. म्हणजे पुस्तकच पिशवीत येतं.

इतकं सरळ आहे तर घोळ का होतो? कारण 'सेव्ह' हा शब्दच आपण चुकीच्या ठिकाणाहून शिकलो आहोत. ऑफिसात कॉम्प्युटरवर फाइल सेव्ह केली की ती हार्डडिस्कवर जाते, वीज गेली तरी राहते. तीस वर्षं 'सेव्ह' म्हणजे 'आता हे माझ्याकडे आहे' असंच आपल्या हाताला वळण लागलंय. बातम्यांच्या अ‍ॅपने तोच शब्द घेतला आणि अर्थ ठेवला 'हे मला आवडलंय, लक्षात ठेव'. त्यामुळे आमच्या बाबांसारखा जुना, शिस्तीने सेव्ह करणारा माणूसच यात जास्त फसतो. ज्याने आयुष्यात कधी फाइल सेव्ह केली नाही, त्या माझ्या भाच्याला हा प्रश्न पडतच नाही.

अँड्रॉइड फोनवर क्रोम वापरत असाल तर दोघांची ओळख शेजारी शेजारी करून घेता येते. एखादं पान उघडून कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट टेकवा. वर चित्रांची एक ओळ येते, तिच्यात चांदणी आणि खाली जाणारा बाण जवळजवळच असतात. चांदणी पत्ता ठेवते, बाण पान उतरवून घेतो. आयफोनच्या सफारीत आणखी गंमत आहे. तिथल्या रीडिंग लिस्टमध्ये टाकलेलं पान ऑफलाइन मिळू शकतं, पण ते आपोआप व्हायला सफारीच्या सेटिंगमध्ये रीडिंग लिस्टखालचं 'आपोआप ऑफलाइन जतन करा' या अर्थाचं बटण चालू असावं लागतं. बंद असेल तर तीच यादी सहसा नुसत्या चिठ्ठ्यांची. एकच यादी, एकच चित्र, पण बटणावर अवलंबून कधी खूण (नुसता पत्ता), कधी प्रत (अख्खा लेख). त्यामुळे चित्रावर विश्वास ठेवू नका. तो विमान मोडवर ठेवा. घरी सोफ्यावर बसून फोन विमान मोडमध्ये टाकायचा, वायफायही बंद झालंय ना ते पाहायचं आणि यादीतला आजवर एकदाही न उघडलेला लेख उघडायचा. उघडला तर प्रत आहे, चक्र फिरलं तर खूण आहे.

'आजवर न उघडलेला' हे मुद्दाम लिहिलं, कारण इथे एक तिसरा तोतया आहे. बाबांना कसाऱ्याला क्रिकेटचा वृत्तांत मिळाला तेव्हा नेटही होतं, म्हणून त्यात नवल नाही. नवल पुढे झालं. बोगद्यात त्यांना एक अग्रलेख व्यवस्थित उघडला. बाबा म्हणाले, "हा बघ, हा सेव्ह झालाय." तोही सेव्ह झालेला नव्हता. सकाळी चहाबरोबर त्यांनी तो एकदा अर्धा वाचला होता, आणि अ‍ॅपने नेट वाचवायला त्याची तात्पुरती नक्कल ठेवली होती. तिला कॅश म्हणतात. ही नक्कल तुमच्या सांगण्यावरून ठेवलेली नसते, त्यामुळे जाताना तुम्हाला विचारून जातही नाही. फोनमधली जागा कमी पडली की अँड्रॉइड पहिल्यांदा अशाच नकला पुसतो. मोबाइलवाल्याने 'फोन स्लो झालाय, क्लीन करून देतो' म्हटलं की त्या जातात. आज उघडलं म्हणून उद्या उघडेलच असं नाही. आणि क्लीनचंच निघालं म्हणून सांगते, 'कॅश साफ करा'च्या जवळच 'डेटा साफ करा' हे बटण असतं. त्याने अ‍ॅपमध्ये उतरवलेले लेखही जातात आणि लॉगिनही जातं. ते दाबायच्या आधी दोनदा वाचा.

प्रत घ्यायला लोक कचरतात ते जागेच्या भीतीने. मराठी वाचणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. युनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, इंग्रजी अक्षर १. काना, वेलांटी, मात्रा ही वेगळी चिन्हं धरली जातात. ५०० शब्दांची बातमी म्हणजे सगळं धरून साधारण साडेतीन हजार चिन्हं, म्हणजे दहा-अकरा केबी. इंग्रजीच्या तिप्पट भाव देऊनही दहा-अकरा केबी! बातमीसोबतचा एखादा साधा फोटोच दीड-दोनशे केबीचा असतो. त्या एका फोटोच्या जागेत पंधरा बातम्या मावतात. म्हणून सेटिंगमध्ये 'चित्रं उतरवू नका' अशी सोय असेल तर ती चालू करून बिनधास्त शंभर लेख उतरवावेत. व्हिडिओ मात्र बहुतेक अ‍ॅप लेखाबरोबर उतरवतच नाहीत, तिथे काळा चौकोन दिसला तर दचकू नका.

आता माझी स्वतःची फजिती. मी रोज ठाण्याहून घणसोलीला जाते. फलाट ९-१० वर सकाळी साडेआठला जी गर्दी असते, तिच्यात फोनवर चार काड्या दिसत असतात आणि पान मात्र उघडत नाही. टॉवर एक, त्याच्यावर ओढणारे हजारो, प्रत्येकाच्या वाट्याला थेंब. म्हणून मी अ‍ॅपमध्ये 'पहाटे ६ वाजता आपोआप डाउनलोड' लावून ठेवलं होतं. पहिले चार दिवस झकास. पाचव्या दिवशी दिघा गाव गेलं, ऐरोली आलं, तरी यादीत कालचेच लेख. मी अ‍ॅपला नावं ठेवत होते, पण अडवलं होतं फोनने.

अँड्रॉइड ६, म्हणजे २०१५ पासून, फोन बराच वेळ हालचाल न करता पडून असला की पाठीमागे चालणाऱ्या अ‍ॅपना झोपवतो, बॅटरी वाचावी म्हणून. रात्रभर टेबलावर पडलेला, चार्जिंगला न लावलेला फोन हे त्याचं आदर्श गिऱ्हाईक. जे अ‍ॅप तुम्ही क्वचित उघडता ते आणखी खोल झोपतं. त्यावर काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्यांची स्वतःची बॅटरी वाचवण्याची जास्तीची सोय असते, ती तर कुंभकर्णाची. उपाय असा की फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या नावाखाली बॅटरी शोधायची आणि तिथे 'निर्बंध नाहीत' निवडायचं. आयफोनवर याच कामाची 'बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश' नावाची सोय आहे, आणि लो पॉवर मोड चालू केला की ती बंद पडते. दोन्हीकडे 'फक्त वायफायवर उतरवा' हा पर्यायही तपासा. घरचं वायफाय रात्री बंद करायची सवय असेल, आमच्याकडे बाबांना आहे, तर पहाटेचं डाउनलोड कुठून होणार? आता मी घड्याळावर सोडतच नाही. दात घासताना अ‍ॅप उघडते, खाली ओढून ताजं करते, डाउनलोडचा बाण दाबते आणि पोळ्या लाटायला घेते. डबा भरेपर्यंत सगळं उतरलेलं असतं.

आणखी एक गोम फीड रीडरमध्ये आहे. एकाच अ‍ॅपात आपल्या आवडीच्या वेगवेगळ्या साइट गोळा करून वाचायची ही पद्धत. ती ज्या आरएसएस नावाच्या तंत्रावर चालते, त्याचं पहिलं रूप १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीने आणलं, आणि पॉडकास्ट अजूनही त्याच रुळावरून धावतात. आरएसएसमधून साइट काय पाठवायचं ते साइटच ठरवते, पूर्ण लेख की पहिल्या दोन ओळी. दोन ओळीच येत असतील तर तुम्ही इमानदारीने बाण दाबला तरी प्रत दोन ओळींचीच होणार आणि खाली 'पुढे वाचा'. चांगल्या रीडर अ‍ॅपमध्ये 'पूर्ण मजकूर आणा' अशी सोय असते, ती त्या त्या साइटपुरती चालू करावी लागते. पैसे भरून वाचायच्या लेखांचं असंच. आधी लॉगिन, मग डाउनलोड. उलट केलं तर उतरतं ते वर्गणी भरा सांगणारं पान.

हे सगळं वाचून खूण निकामी आहे असं वाटेल, तसं नाही. खूण तुमच्या खात्यात राहते. फोन बदलला, हरवला, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसलात, तरी लॉगिन केलं की यादी हजर. प्रत त्या एका फोनची सोबती. शिवाय पुष्कळ अ‍ॅपमध्ये प्रतीला मुदत असते, ठराविक दिवसांनी जुन्या प्रती आपोआप पुसल्या जातात, आणि तो आकडा सेटिंगमध्ये बदलता येतो. पाककृती, प्राप्तिकराची माहिती, मुलीच्या प्रकल्पाला लागेल असा लेख, याला खूणच बरी.

पण खुणेलाही मालक असतो. पॉकेट नावाचं अ‍ॅप आठवत असेल. २००७ मध्ये ते 'रीड इट लेटर' म्हणून सुरू झालं, २०१२ मध्ये त्याचं नाव बदललं, २०१७ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने ते घेतलं आणि ८ जुलै २०२५ ला बंद केलं. जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षं त्यात 'नंतर वाचू' म्हणून लेख टाकले होते. यादी बाहेर काढून घ्यायला मुदत दिली गेली, ज्यांनी काढली त्यांच्या हाती पत्त्यांची फाइल आली. त्याआधी १ जुलै २०१३ ला गूगल रीडर हा गूगलचा फीड रीडर असाच गेला होता. म्हणून अ‍ॅपमध्ये 'एक्स्पोर्ट' कुठे आहे ते शोधून वर्षातून एकदा यादी काढून ठेवते. ती फाइलही पुन्हा उघडून पाहिलेली नाही, हे कबूल करते.

नाशिकला पोचल्यावर रात्री मी बाबांच्या अ‍ॅपमध्ये बाण शोधून दिला. तो लेखाच्या वर नव्हताच, तीन ठिपक्यांच्या आत दडला होता. मधल्या काळात त्यांनी स्वतःचा उपाय काढला होता, स्क्रीनशॉट. एका लेखाचे नऊ. म्हटलं, बाबा, हेही चालतं, पण प्रत्येक स्क्रीनशॉट फोटोएवढी जागा खातो, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि सातवा आठव्याच्या आधी की नंतर ते तुम्हालाच लावायला लागतं. "ते मी लावीन," म्हणाले. तरी बाण शिकले, आणि निघायच्या आदल्या दिवशी सकाळी स्वतःच्या हाताने पंधरा लेख उतरवले.

परतीला इगतपुरी सुटलं, गाडी घाट उतरायला लागली. बोगदा आला. बाबांनी लेख उघडला, लगेच उघडला. माझ्याकडे न बघता चष्मा सारखा केला आणि लासलगावच्या कांद्याचा भाव मोठ्याने वाचून दाखवला. समोर बसलेले आजोबा निफाडचे निघाले. ते म्हणाले, "हा कालचा झाला. आज सकाळी पडलाय."

बाबा माझ्याकडे वळले. "काय गं, प्रत घेतली की भाव बदलत नाही का?"